सरळ दिसणारे वाकडे मंदिर

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून वाई येथे आमच्या जुन्या वाड्यात राहते. माझी नात पुण्यात वास्तुकलेचे शिक्षण घेत आहे. ती ग्रीक खांबांचे प्रकार आणि देवदेवतांची नावे पाठ करते आणि परीक्षा झाली की विसरते. तिच्यामुळे मलाही पाश्चात्त्य संस्कृतीविषयी कुतूहल वाटू लागले आहे. परंतु ग्रीस, रोम, ख्रिस्ती धर्म, प्रबोधनकाळ असा पसारा पाहिला की छाती दडपते. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, वाई)

उत्तर : पाठांतराला नावे ठेवू नका, परीक्षेपुरते ते लागतेच. मात्र डोरिक, आयोनिक आणि कोरिंथियन ही तीन नावे तोंडपाठ असलेल्या माणसालाही त्यांपैकी एखादा खांब आपला परिचयाचा वाटत नाही, कारण तो खांब कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने उभा राहिला हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आमचे मत असे आहे की अडीच हजार वर्षांचा पट एकदम उलगडू पाहण्यापेक्षा एकच वास्तू निवडावी आणि तिच्याभोवती दोन-तीन महिने रेंगाळावे. शिल्पकला, पुराणकथा, वास्तुकला आणि नीतिविचार हे विषय महाविद्यालयात वेगवेगळ्या तासांना शिकवले जातात. मूळ ठिकाणी ते एकाच छपराखाली नांदत होते. अशी वास्तू म्हणून आम्ही अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरचे पार्थेनॉन सुचवू. अथीना या देवीच्या या मंदिराचे बांधकाम इ.स.पू. ४४७ मध्ये सुरू झाले, ४३८ मध्ये देवीची मूर्ती आत स्थापन झाली आणि बाहेरचे शिल्पकाम ४३२ पर्यंत चालले. इक्टिनस आणि कॅलिक्रेटस हे स्थपती, शिल्पकामावर देखरेख फिडिअसची, आणि या साऱ्या उद्योगामागे पेरिक्लीस हा त्या काळचा सर्वांत वजनदार पुढारी होता.

आपण वाड्यात राहता, हा आपल्या पत्रातील ओझरता उल्लेख आम्हांला फार उपयोगाचा वाटला. आपल्या ओसरीवर उभे राहून वर पाहावे. खांबांवर तुळई, तिच्यावर आडव्या कड्या आणि त्या कड्यांची ओळीने दिसणारी टोके! पार्थेनॉनच्या खांबांवरील पट्टीतही ठरावीक अंतराने तीन उभ्या दांड्यांचे दगडी ठोकळे दिसतात. त्यांना ट्रायग्लिफ म्हणतात. ही लाकडी कड्यांच्या टोकांची दगडात उतरलेली आठवण होय आणि तिच्याखालचे बारीक दगडी थेंब म्हणजे लाकडी खुंट्या होत, अशी परंपरागत समजूत आहे. व्हिट्रुव्हिअस या रोमन वास्तुकारानेही ट्रायग्लिफचे मूळ लाकूडकामातच शोधले आहे. अभ्यासक त्यावर वाद घालतात. पण ग्रीक मंदिरे एके काळी लाकडाची होती याला एक हृद्य पुरावा आहे. ऑलिंपिया येथील हेरा देवीच्या मंदिराचे लाकडी खांब जसजसे कुजले तसतसे एकेक करून बदलून दगडाचे केले गेले असावेत, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस हा प्रवासी तेथे गेला तेव्हा ओकच्या लाकडाचा एक खांब अजून उभा होता. एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. आपल्या लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो. पार्थेनॉनचे खांब डोरिक आहेत, आणि ग्रीक डोरिक खांबाला तळखडा नसतो, तो थेट फरसावरून उगवतो. एवढी एक खूण आपल्या नातीला सांगितली, तर डोरिक खांब तिला पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

आता या मंदिराचा वाकडेपणा पाहू. समोर ८ आणि बाजूंना १७ खांब असलेला पार्थेनॉनचा चौथरा सुमारे ६९.५ मीटर लांब आणि ३०.९ मीटर रुंद आहे. लांबून तो ओळंब्यात आणि पाणसळीत बसवल्यासारखा काटेकोर दिसतो. प्रत्यक्षात त्यात सरळ रेषा शोधून सापडणे कठीण. चौथऱ्याच्या लांब बाजू मध्यभागी सुमारे ११ सेंटिमीटर आणि आखूड बाजू सुमारे ६ सेंटिमीटर वर उचललेल्या आहेत. पायरीच्या एका टोकाला दगडालगत डोळा नेला, तर मधल्या फुगवट्यामुळे दुसरे टोक दिसत नाही. खांब किंचित आत झुकलेले आहेत, त्यांचा घेर वर निमुळता होत जाताना मध्ये हलकासा फुगतो आणि कोपऱ्यांचे खांब इतरांहून थोडे जाड आहेत. सपाट चौथरा डोळ्यांना मध्ये खचल्यासारखा दिसतो, म्हणून ही दुरुस्ती केली जाते, असे व्हिट्रुव्हिअस सांगतो. पावसाचे पाणी वाहून जावे, हे कारणही काही जण देतात. कारण कोणतेही असो, या वाकडेपणाची किंमत पाथरवटांनी मोजली. साच्यातून काढल्यासारखे सारखे दगड येथे चालणार नव्हते. प्रत्येक दगड त्याच्या नेमक्या जागेपुरता, केसभर तिरका घडवावा लागला. सरळ दिसण्यासाठी एवढे वाकडे होणाऱ्या इमारतीकडे पाहिले, म्हणजे ग्रीकांना गणित प्रिय होते या ठोकळेबाज वाक्याचा अर्थ पहिल्यांदा उमगतो.

छपराखालच्या बाहेरील पट्टीत चारही बाजूंना मिळून ९२ चौकोनी शिल्पपट होते. पूर्वेला देव आणि राक्षसी जायंट यांचे युद्ध, पश्चिमेला ॲमेझॉन या लढवय्या स्त्रियांशी झालेले युद्ध, उत्तरेला ट्रॉयचा पाडाव. दक्षिणेकडची कथा जरा सावकाश वाचावी. लॅपिथ लोकांचा राजा पिरिथूस याच्या लग्नाला सेंटॉर, म्हणजे कमरेपर्यंत माणूस आणि खाली घोडा असलेले त्याचे शेजारी, पाहुणे म्हणून आले. मद्य चढताच त्यांनी नवरीवर आणि वऱ्हाडातल्या स्त्रियांवर हात टाकला आणि मांडवातच मारामारी जुंपली. शिल्पात एका सेंटॉरने लॅपिथाचा गळा धरला आहे, तर दुसऱ्या एका पटात खाली पडलेल्या लॅपिथाच्या प्रेतावर सेंटॉर उड्या मारतो आहे आणि त्याच्या हातावरच्या चित्त्याच्या कातड्याचा जबडा प्रेताकडेच आ वासून आहे. माणसे आणि पशू यांची ही झटापट वाटते खरी. पण ग्रीक प्रेक्षकाला तीत आणखी एक गोष्ट दिसत असे. अतिथिधर्माला ते झेनिया म्हणत आणि त्याचा रक्षक खुद्द देवांचा राजा झ्यूस होता. आपल्याकडे अतिथीला देव मानताना यजमानाच्या कर्तव्यावर भर असतो; झेनिया दोन्ही बाजूंनी बांधणारा होता, पाहुण्यानेही मर्यादा राखायची होती. सेंटॉरांनी ती मोडली. उत्तरेकडच्या ट्रॉयच्या युद्धाचे मूळही तेच आहे, कारण ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने यजमानाच्या घरी राहून त्याचीच पत्नी पळवली. त्यातच इराणी फौजांनी इ.स.पू. ४८० मध्ये ही टेकडी जाळली होती, याची आठवण अथेन्सच्या वृद्धांना अजून होती. देव, वीर आणि लॅपिथ यांच्या विजयात त्यांना स्वतःचाच विजय दिसत असणार.

आणि पैसा? इराणविरुद्ध उभारलेल्या ग्रीक राज्यांच्या संघाचा खजिना डेलॉस बेटावर असे, तो इ.स.पू. ४५४ मध्ये अथेन्सला हलवण्यात आला. मित्रराज्यांच्या वर्गणीवर पेरिक्लीस शहराला नटव्या बाईसारखे सजवतो आहे, असा आरोप त्याच्या विरोधकांनी केल्याचे चरित्रकार प्लुटार्क नोंदवतो. आतील सोने आणि हस्तिदंत यांच्या सुमारे १२ मीटर उंच मूर्तीवर ४० टॅलंट सोने होते, म्हणजे हजार किलोहून अधिक, आणि ते काढून घेता येईल असे बसवले होते. युद्धात निकड पडली तर ते वापरून पुढे परत करता येईल, असे पेरिक्लीसने सांगितल्याचे इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो. देवीच्या अंगावरचे दागिने हेच राज्याचे राखीव धन होते. याच टेकडीवरच्या एरेक्थिऑन या मंदिराचे थोड्या नंतरचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यांत नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम एकाच कामावर दिसतात आणि रोजही सारखाच, एक ड्राक्मा हे चांदीचे नाणे. गुलामाचा रोज अर्थात त्याच्या मालकाकडे जात असे.

प्रश्न : ग्रीक देव फसवणूक, व्यभिचार आणि सूड यांतच रमलेले दिसतात. अशा देवांच्या उपासकांकडून नीतिशास्त्र कसे निर्माण झाले? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न स्वतः ग्रीकांनाही पडला होता. इ.स.पू. सहाव्या शतकातील झेनोफनीस हा कवी-विचारवंत स्पष्टच म्हणतो की होमर आणि हेसिअड या कवींनी माणसांत लाजिरवाणी ठरणारी चोरी, व्यभिचार आणि परस्परांची फसवणूक अशी सारी कृत्ये देवांच्या माथी मारली. ज्यांनी इंद्र आणि अहल्या यांची कथा ऐकली आहे त्यांना हे अवघडलेपण परके वाटू नये. ग्रीक देव प्रामुख्याने होम आणि बळी यांचे धनी होते. आज्ञांची यादी देऊन आचारधर्म शिकवणे हे त्यांचे काम नव्हते. त्यामुळे नीतीचा वाद देवळात कमी आणि चव्हाट्यावर, न्यायसभेत व रंगभूमीवर अधिक झाला. पार्थेनॉनच्या टेकडीच्या दक्षिण उतारावरच मद्य आणि नाट्य यांचा देव डायोनिसस याचे नाट्यगृह होते. वर मंदिर बांधले जात असतानाच, साधारण इ.स.पू. ४४१ च्या सुमारास, खाली सोफोक्लीसचे ‘अँटिगनी’ रंगले असावे. शहरावर चालून आलेल्या भावाचे प्रेत पुरू नये, अशी राजा क्रेऑनची आज्ञा आहे. देवांचे अलिखित कायदे राजाज्ञेहून मोठे आहेत असे सांगून बहीण अँटिगनी ते पुरते. क्रेऑनही निव्वळ दुष्ट नाही, शहर टिकावे ही त्याची चिंता खरी आहे, आणि म्हणूनच तो वाद आजही संपत नाही.

याहून झोंबणारे उदाहरण पंचवीस वर्षांनंतरचे आहे. अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धात तटस्थ राहू पाहणाऱ्या मेलॉस या छोट्या बेटाला अथेन्सने इ.स.पू. ४१६ मध्ये वेढा घातला आणि शरणागतीनंतर प्रौढ पुरुषांना ठार करून स्त्रिया व मुले गुलाम म्हणून विकली. त्यानंतर काही महिन्यांतच, ४१५ च्या वसंतात, युरिपिडीसने ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ हे नाटक त्याच शहरापुढे मांडले. टेकडीवर, मंदिराच्या उत्तर बाजूला, ट्रॉयचा पाडाव हा ग्रीकांचा पराक्रम म्हणून कोरलेला होता. खाली रंगभूमीवर त्याच पाडावातून उरलेल्या विधवा कोणत्या ग्रीकाच्या वाट्याला जाणार, याची वाट पाहत बसल्या होत्या. प्रेक्षकांत मेलॉसच्या वेढ्यात लढलेले लोक असणार, असे मानायला हरकत नाही. नाटकाला स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला.

प्रश्न : ग्रीक शिल्पे पांढरीशुभ्र का ठेवत असत? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ती पांढरी ठेवत नसत. पार्थेनॉनच्या शिल्पांवर निळ्या रंगाचे अंश आजही तपासणीत सापडतात, आणि खांबांच्या आतल्या भिंतींच्या माथ्यावर मिरवणूक कोरलेल्या पट्टीतल्या घोड्यांच्या तोंडापाशी दिसणारी छिद्रे धातूचे लगाम बसवण्यासाठी पाडलेली आहेत. ऊन, पाऊस आणि काळ यांनी रंग उडवला, आणि नंतरच्या युरोपने त्या उडालेल्या रंगालाच अभिरुची मानले. हा समज इतका पक्का होता की लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १९३७-३८ साली ही शिल्पे अधिक पांढरी दिसावीत म्हणून धातूच्या हत्यारांनी घासली गेली. लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने काढून नेलेली ही शिल्पे ब्रिटनने १८१६ मध्ये ३५,००० पौंडांना विकत घेतली. ग्रीस ती परत मागत आहे आणि आमच्या मते ती मागणी रास्त आहे. अथेन्समध्ये २००९ साली उघडलेल्या संग्रहालयाच्या वरच्या काचेच्या दालनात त्यांच्या जागी साच्यातून काढलेल्या प्रतिकृती बसवलेल्या आहेत आणि खिडकीतून समोर मूळ मंदिर दिसते.

प्रश्न : ग्रीसला जाणे आम्हांला शक्य नाही. महाराष्ट्रात यातले काही पाहता येईल काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : थोडे पाहता येईल, पण मूळ नव्हे. मुंबईत फोर्ट भागात १८३३ साली पूर्ण झालेला टाउन हॉल, ज्यात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, ग्रीक मंदिराच्या धाटणीचा आहे. रुंद पायऱ्या आणि दर्शनी डोरिक खांब. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पाहून तेही ग्रीक असावे असे मात्र समजू नये, त्याचे नाते मध्ययुगीन युरोपातल्या गॉथिक शैलीशी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही खांबांवर धेनुकाकट येथील यवनांच्या दानाचे लेख आहेत. हे यवन मूळचे ग्रीक, की ग्रीकांच्या वंशातले बौद्ध झालेले व्यापारी, यावर मतभेद आहेत. त्यांनी दिलेले खांब मात्र अस्सल इथलेच आहेत, तळाशी कुंभ आणि माथ्यावर हत्तींच्या जोड्या. कार्ल्याहून परतताना एकदा टाउन हॉलपुढे थांबावे आणि पायऱ्या चढून खांबांच्या तळाशी वाकून पाहावे. तेथे तळखडा आहे की नाही, ते आम्हांला अवश्य कळवावे.