नकाशात 300 मीटर, गाडीवर सव्वा किलोमीटर

सांगलीत विश्रामबागच्या मागे तुम्ही प्लॉट बघितलाय. शाळा नकाशात 300 मीटरवर दिसते, गाडीनं सव्वा किलोमीटर पडतं, आणि 'वस्ती वाढली की मधला रस्ता होणारच' असं एजंट म्हणतो. त्याच्या भरवशावर पैसे मोजू नका.

इथं शेतं गटागटानं विकली गेली, गट म्हणजे सातबाऱ्यावर नंबर असलेला जमिनीचा तुकडा. ज्याचा गट त्याचा ले-आऊट, म्हणजे प्लॉट-रस्त्यांचा आराखडा. रस्ता काढायचा आणि शेजाऱ्याच्या बांधाला नेऊन सोडायचा. शेजारी पाच-दहा वर्षांनी विकतो, त्याला जास्त प्लॉट बसवायचे असतात, तो रस्ता चार हात सरकवून काढतो. झालं, दोन्ही गल्ल्या बंद. गुंठेवारीत, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनीत, तर बोळालाच रस्ता म्हणायचं. 2001 च्या कायद्यानं ती घरं नियमित करायची सोय झाली, पण नियमित झालेलं घर हलत नाही, म्हणून बोळही तिथंच.

आमच्याच गल्लीच्या टोकाला भिंत आहे. पलीकडच्या गिरणीचा आवाज घरात येतो, दळण आणायला मात्र पाऊण किलोमीटरचा वळसा. एकदा पोरांनी भगदाड पाडलं, दोन दिवस सगळे खूश. मग 'बाहेरच्या गाड्या घुसतात' म्हणून मीटिंग झाली आणि ते बुजवलं. बुजवा म्हणणाऱ्यांत मीही होतो, आता काय बोलणार!

रुंदीला भुलू नका. जुन्या गावभागातले बोळ अरुंद आहेत, पण एकीकडं अडलं तर दुसरीकडून निघता येतं. नव्या कॉलनीत 30 फुटी रस्ता असतो आणि तोंड एकच. ते तोंड सखल असलं तर पुरात घर कोरडं राहूनही तुम्ही अडकता. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट असताना पाणी 57 च्या वर गेलं होतं, हे लक्षात ठेवा.

अमेरिकेतही 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत नव्या वसाहतींत बंद गल्ल्या वाढतच होत्या. पुढं नवे रस्ते जरा जास्त जोडलेले होऊ लागले, पण जुन्या वसाहतींचा सांगाडा बहुतेक तसाच राहिला.

मंजूर ले-आऊटची प्रत मागा. रस्ता हद्दीपर्यंत उघडा आहे की टोकाला प्लॉट पाडलाय, ते बघा. मध्ये डीपी रोड, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता, दाखवला असेल तर जागा महापालिकेच्या ताब्यात आली का, एवढंच विचारा. नकाशावरची रेघ वर्षानुवर्षं रेघच राहते. मग दहा मिनिटं पायी फिरून चौक, तिकटी (तीन रस्ते मिळतात ती जागा) आणि बंद टोकं मोजा. बंद टोकं चौकांपेक्षा जास्त निघाली तर भाव पाडून मागा.

गट नंबर टाका, डीपीत तिथं काय आहे ते बघून सांगतो.