स्टीम मॉपचे पॅड कंपनीचेच घ्यावेत का? घरी शिवले तर मशीन बिघडतं का?

तुम्ही विचारलंय की स्टीम मॉपसोबत, म्हणजे वाफेनं फरशी पुसायच्या मशीनसोबत आलेले, त्याच्या तळाला लावायचे दोन पॅड कडक झालेत, पाणी ओढत नाहीत, कंपनीचे नवीन महाग पडायलेत, तर लोकल घ्यावेत का घरी शिवावेत, आणि शिवलेल्या पॅडनं मशीन बिघडतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही बिघडत. ज्यांनी कुणी तुम्हाला हे सांगितलं त्यांना सांगा की लातूरची एक बाई नाही म्हणायलीय, आणि का म्हणायलीय ते खाली सगळं लिहिलंय.

मशीन बिघडतं पाण्यानं. आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण, बोअरचं पाणी त्यातून मुरून येतं, कॅल्शियम मॅग्नेशियमनं भरलेलं. पाणी तापवायचा रॉड बघा तुमच्या घरातला, त्याच्यावर पांढरा थर बसतो, नखानं खरवडलं तर खपल्या निघतात, तेच मशीनच्या आत होतं. पाणी तापलं की क्षार खाली बसतात, वाफ वर जाते, आणि ते क्षार बारीक नळीत नि भोकात साचत जातात. वाफेची वाट बंद झाली की मशीन थुंकल्यासारखं गरम पाणी टाकतं, मग तेही बंद. ह्याच्यात पॅडचा काय संबंध? पॅड तर मशीनच्या बाहेर आहे.

एवढं ठासून सांगायचं कारण म्हणजे आमच्या घरात ह्याच्यावरून चांगलंच वाजलंय.

मशीन आम्हाला वास्तुशांतीला आलं, मोठ्या नणंदबाईंनी दिलं. त्या पुण्यात असतात. वस्तू चांगलीच दिली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मी पहिल्यापासून त्याच्यात जारचं पाणी भरायचे, कारण रॉडचं आणि गिझरचं काय होतं ते मला माहीत होतं. पॅड हातानं धुवून सावलीत वाळत घालायचे. सगळं नीट चालू होतं. मग महालक्ष्म्यांना वन्सं आल्या. तुम्हाला माहीतच आहे महालक्ष्म्यांत घरात किती माणूस असतं, पुरणाचा तेला-तुपाचा पसारा, फरशी चिकट होऊन जाते. वन्संनी मशीन हातात घेतलं, जारचं पाणी स्वयंपाकाला लागंल म्हणून बोअरचं भरलं, वर आमच्या ह्यांना सांगितलं की पाणी ते पाणी, वाफच तर करायची त्याची. आणि दोन्ही पॅड वॉशिंग मशीनला टॉवेलांबरोबर टाकले, वरून ते वासाचं कंडिशनर ओतलं. त्या दिवसापासून पॅड फरशीवर नुसते सरकायला लागले, ओल तशीच मागं राहायची, वाळली की टाइलवर ढगासारखे पट्टे.

हे कशामुळं होतं ते नीट समजून घ्या, तुमच्या पॅडचंही बहुतेक हेच झालंय. कंपनीचे पॅड मायक्रोफायबरचे असतात, म्हणजे पॉलिस्टर आणि नायलॉन, बरेचदा ऐंशी-वीस. त्याचा एक धागा १ डेनियरपेक्षा बारीक असतो, डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, विचार करा किती बारीक झाला. वर तो उभा चिरलेला असतो, त्या चिरांत पाणी आणि घाण धरली जाते. कंडिशनर म्हणजे धाग्यावर बसणारा मऊ थर. कापूस असो का मायक्रोफायबर, थर बसला की पाणी ओढणं कमी होतं, आणि मायक्रोफायबरच्या तर चिराच बुजून जातात. टॉवेलबरोबर धुतलं की टॉवेलचे तंतू त्याला चिकटतात ते वेगळंच. ब्लीचनं धागा कमजोर होतो. इस्त्रीनं तर पॅड संपलाच समजा, चिरलेली टोकं वितळून एकमेकांना चिकटतात.

कडक होण्याचं कारण मात्र वेगळं. ते वाफेनं होत नाही, क्षार मशीनच्या आतच राहतात, वाफेतून येत नाहीत. कडक होतं ते जड पाण्यात पावडर टाकून धुतल्यानं. पावडर पूर्ण निघत नाही, पाण्यातला चुना धाग्यात बसतो, उन्हात वाळला की पॅड फळीसारखा उभा राहतो. फेकून देऊ नका. भांड्यात कोमट पाणी घेऊन चमचाभर लिंबूसत्व टाका, पॅड तासभर बुडवून ठेवा, मग चोळून साध्या पाण्यातून दोनदा काढा. कडकपणा बराचसा जातो. कंडिशनर लागलं असंल तर आधी थोड्याशा भांडी घासायच्या लिक्विडनं गरम पाण्यात धुवा, फेस संपेपर्यंत खळबळा, मग लिंबूसत्व. मी दोन्ही पॅड असेच बऱ्यापैकी परत आणले, पण पहिल्यासारखे नाही झाले ते खरंय.

आता शिवायचं. नवीन पॅड मागवायचे म्हणलं तर कंपनी दोन कापडाच्या तुकड्यांचे जे पैसे सांगते ते मला पटलं नाही. माझी आई वाकळा शिवायची. गल्लीतल्या बायका जुनी लुगडी आणून द्यायच्या, आई ती एकावर एक अंथरून, कडा दुमडून, धावदोरा घालून वाकळ तयार करायची, त्याच्यावर आमच्या शाळेच्या वह्या-पुस्तकं आली. कापडाचे किती थर झाले की ऊब धरतं, कुठलं कापड पाणी धरतं, कुठलं नुसतं चमकतं, हे मी तिच्या शेजारी बसून सुई ओवून देताना शिकलेय. मग मला पॅड शिवता येणार नाही का? जुन्या सोलापुरी टॉवेलचा खालचा थर घेतला, वर मऊ झालेल्या सुती साडीचा एक थर, मध्ये काही नाही, चौफेर शिलाई आणि आडवे धावदोरे म्हणजे आतलं कापड गोळा होत नाही. पाठीला व्हेल्क्रोची पट्टी, शिलाईच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळते. मशीनच्या तळाला काट्याची बाजू असते, म्हणून पॅडला मऊ बाजू लावायची, दुकानदार दोन्ही एकत्र देतो, उलटी शिवू नका.

पॅड एकदम मस्त झाले. स्वयंपाकघरातला तेलकट डाग कंपनीच्या पॅडपेक्षा चांगला निघायचा, कारण टॉवेलचे फाशे डागाला घासतात. आणि सुती कापड आहे, उकळत्या पाण्यात टाकता येतं. मायक्रोफायबर उकळू नये, धुताना त्याला साधारण ६० अंशांपर्यंतच न्यावं.

पुढं पाडव्याच्या आसपास मशीननं वाफ सोडणं बंद केलं. का? कारण महालक्ष्म्यांपासून आमचे हे सर्रास बोअरचं पाणी भरायला लागले होते, मी किती सांगितलं तरी ‘ताई म्हणली ना पाणी ते पाणी’. पण घरच्या ग्रुपवर वन्संनी काय लिहावं? की चिंध्या लावून मशीन बिघडवलं. सगळ्यांच्या देखत. चिंध्या. ज्या कामावर मी शिकले त्याला चिंध्या म्हणलेलं मला आजही सहन होत नाही. मी तिथं काही लिहिलं नाही, मशीन उचललं आणि दुरुस्तीवाल्याकडं नेलं. त्यानं माझ्यासमोर खालचं तोंड खोललं. वाफ यायच्या भोकात खडूसारखा पांढरा गोळा बसलेला, टाचणीनं टोकरला तर टेबलावर भुगा पडला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, बोअरचं पाणी भरता का. पॅडकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मी तो भुगा कागदाच्या पुडीत बांधून आणला आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. वन्संचं म्हणणं अजून तेच आहे, कंपनीचं ते कंपनीचं. असू दे. पण ज्या कुणाला त्यांनी ते सांगितलं असंल त्यानं हे वाचावं.

आता लोकल पॅडचं. वाईट नसतात, पण बघून घ्या. कोरड्या बोटानं पॅडवर हात फिरवा. चांगलं मायक्रोफायबर हाताच्या भेगांना, नखाच्या कडेला किंचित अडकतं, अंगावर काटा आल्यासारखं वाटतं. गुळगुळीत सरकलं तर ते साधं पॉलिस्टर, ते पाणी फक्त इकडून तिकडं नेतं. दुकानदार हो म्हणत असंल तर थेंबभर पाणी टाकून बघा, थेंब मण्यासारखा उभा राहिला की ठेवून द्या परत. जाडजूड दिसतो म्हणून घेऊ नका. जास्त जाड पॅडमधून वाफ खालपर्यंत पोचतच नाही, आतच तिचं पाणी होतं आणि ठिबकायला लागतं. शिवतानाही हेच, दोन थर पुरे.

आणि कंपनीचा असो, लोकल असो, घरचा असो, एका पॅडवर आख्खं घर पुसायचं बंद करा. माझं ह्या बाबतीत स्पष्ट मत आहे. वाफ फक्त घाण सुटी करते, उचलतो तो पॅड, तो भरला की तुम्ही हॉलची घाण देवघरात न्यायलात. एक पॅड स्वयंपाकघराला, एक हॉलला, एक खोल्यांना. ह्यासाठी तर शिवलेले बरे, चार-सहा सहज होतात. आधी झाडून घ्या, केस नि खडे व्हेल्क्रोत अडकले की पॅड मध्येच निसटतो. आणि मशीन झरझर ओढू नका, वाफ लागायला तरी वेळ द्या.

पाण्याचं म्हणाल तर, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते दिवस आम्ही काढलेत, तेव्हा फरशी पुसायला बादली घेणाऱ्या माणसाकडं लोक कसं बघायचे ते मला विचारा. ह्या मशीनला अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणून मला ते आवडतं. पण रोज पॅड धुवायला बादली घालवली तर काय वाचलं? नळ रोज येत नाही आमच्याकडं. मी वापरून झाला की मगभर पाण्यात पिळून लगेच पसरते, वाळला की बाजूला, आणि नळाच्या दिवशी सगळे एकदम धुते. ओला पॅड मशीनला तसाच लावून ठेवायचा नाही, वास मारतो आणि खालच्या फरशीवर डाग पडतो. टाकीत जारचं किंवा आरओचं पाणी. आरओचं जे वाया जाणारं पाणी बादलीत धरतात ते अजिबात नाही, त्यात क्षार जास्तच असतात, त्यानं भांडी घासा.

थोडं राहिलं. शहाबादीवर, कडप्प्यावर स्टीम मॉप जपून. ह्या फरश्या पाणी पितात, सांध्यातून वाफ आत जाते. आमच्याकडं पुढच्या पडवीत शहाबादी आहे, तिथं मी ओलं फडकंच मारते. आणि शहाबादी हा चुनखडीचा दगड, लिंबूसत्वाचं पाणी त्याच्यावर सांडलं तर फिक्का डाग कायमचा बसतो, पॅड भिजवायचं भांडं मोरीत ठेवा. लिंबूसत्व आणि ब्लीच एकत्र कधीच करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, छातीला लागतो. मशीनच्या टाकीत लिंबूसत्व घालायचं असंल तर आधी मशीनची पुस्तिका बघा, काही कंपन्या नको म्हणतात. वॉरंटी चालू असंल तर पॅडबद्दलच्या अटीही वाचून घ्या, मी वर जे ठासून सांगितलं ते मशीनच्या तब्येतीबद्दल आहे, कंपनीच्या कागदाबद्दल नाही.

शिवायला घेतलं तर गडद रंगाचं नवीन कापड घेऊ नका, वाफेनं रंग सुटतो आणि पांढऱ्या टाइलवर उतरतो. मांजरपाट घेतला तर आधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आखडतो. मशीन वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलनं कडेनं रेघ मारा, शिलाईसाठी बोटभर जास्त सोडून कापा, आणि तिकोनी तोंड असंल तर टोकाला थोडी गोलाई द्या, तिथंच आधी उसवतं.