फास्ट फूडचे तोटे सांगायला कोणतं माध्यम खरंच उपयोगी पडतं?

तुम्ही विचारलंय की वर्तमानपत्र, टीव्ही, रेडिओ आणि सोशल मीडिया यांपैकी फास्ट फूडचे तोटे लोकांपर्यंत कोण नीट पोहोचवतं, आणि त्याने खाण्यात काही फरक पडतो का. प्रकल्पासाठी हवंय असंही खाली लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. एकोणीस वर्षं झाली. मुलांच्या डब्यात काय असतं आणि मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर काय विकत घेतलं जातं, हे रोज बघते. त्यावरून माझं मत असं झालंय की बातमी किती गाजली याला फार महत्त्व नाही. पुडा फोडायला हात जातो त्या क्षणी माणसाला काय दिसतं आणि काय आठवतं, ते महत्त्वाचं.

२०१५ सालची मॅगीची गोष्ट घ्या. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत अन्न निरीक्षकाने आदल्या वर्षी नमुना उचलला होता. पुड्यावर एमएसजी (चव वाढवणारं अजिनोमोटो) घातलेलं नाही असं छापलेलं, पण तपासणीत ते सापडलं. पुढे कोलकात्याच्या प्रयोगशाळेत शिसं निघालं १७.२ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १७.२ भाग, मर्यादा २.५. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने, माल बाजारातून काढायला लावला. त्या आठवड्यात कुठलंही चॅनेल लावा, दुसरा विषय नव्हता. आमच्या शेजारच्या वहिनींनी घरातले चार पुडे घंटागाडीत टाकले, आणि मुलं रडली तरी ऐकलं नाही.

मग १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कंपनीला बाजू मांडायची संधी दिली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांत तपासण्या झाल्या त्यांना रीतसर मान्यता नव्हती, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी झाली, शिसं मर्यादेत निघालं आणि दिवाळीच्या सुमारास मॅगी परत आली. वहिनी सहा पुड्यांचा मोठा पॅक घेऊन आल्या. म्हणाल्या, "आता कोर्टानेच सोडलंय ना, मग काय भ्यायचं?"

मला ते वाक्य अजून टोचतं, कारण त्यांचं काही चुकलं नव्हतं. टीव्हीने त्यांना शिसं सांगितलं होतं, आणि शिसं नाही हे ठरलं. पण इन्स्टंट नूडल्स कोणत्याही कंपनीच्या असोत, एका छोट्या पुड्यात साधारण दोन ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. आठ वर्षांच्या पोराने एका वेळी दोन पुडे खाल्ले तर? मैदा, पामतेल आणि मीठ यांच्यावर खटला कधी भरलाच नव्हता, तरी शिशाबरोबर तेही लोकांच्या मनात निर्दोष सुटले. सनसनाटी बातमीचा हा सगळ्यात मोठा तोटा आहे. ती एका भयंकर गोष्टीवर सगळी भीती गोळा करते आणि ती गोष्ट खोटी ठरली की रोजचं, हळूहळू होणारं नुकसान सांगायची जागाच उरत नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये हेच पुन्हा झालं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांना पत्र पाठवलं होतं की कँटीनमध्ये, व्हरांड्यात फलक लावा, नेहमीच्या खाण्यात तेल किती आणि साखर किती ते दाखवा. नागपूरच्या एम्समध्ये असे फलक लागणार, अशी बातमी फुटली आणि एका दिवसात तिचं झालं "समोसा-जिलेबीवर आता सिगारेटसारखा इशारा". लोक भडकले. आमच्या शिक्षक-खोलीत सुद्धा "आमच्या समोशावर इशारा आणि पिझ्झाला मोकळं रान?" अशी जोरदार चर्चा झाली. मग पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाने, खुलासा केला की विक्रेत्यांच्या मालावर कुठलाही इशारा छापायचा नाही, भारतीय पदार्थांना वेगळं काढलेलं नाही, ही फक्त कामाच्या ठिकाणी दिलेली सूचना आहे. खुलासा आला आणि विषय संपला. मूळ कल्पना किती चांगली होती! खाणाऱ्याच्या समोर, खायच्या जागी, आकडा लावायचा. तिच्यावर मात्र चॅनेलवर कोणी दोन मिनिटं बोललं नाही.

वर्तमानपत्रांबद्दल मला आदर आहे, कारण तिथे आकडा छापला जातो आणि कात्रण कापून ठेवता येतं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने ३३ पदार्थ तपासले होते, पुड्यातले आणि साखळी दुकानांतले, मीठ आणि चरबी मोजायला. त्याचं कात्रण माझ्या वहीत अजून चिकटवलेलं आहे आणि दर वर्षी सातवीला दाखवते. पण ज्या पानावर आरोग्याचा लेख असतो त्याच अंकात पिझ्झाची पानभर जाहिरात असते, आणि मुलं आधी काय बघतात ते मला वर्गात दिसतं. आणखी एक गोष्ट आहे. तोच पेपर दुसऱ्या दिवशी गाड्यावर वडापाव गुंडाळायला जातो. छपाईची शाई गरम तेलकट पदार्थात उतरते, म्हणून वर्तमानपत्रात खाणं बांधू नका असं एफएसएसएआयने २०१६ च्या डिसेंबरमध्येच सांगितलंय. आमच्याकडे ते बहुतेकांना माहीत नाही.

रेडिओचं थोडक्यात सांगते. २०२५ च्या फेब्रुवारीत 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी लठ्ठपणाबद्दल बोलताना तेल दहा टक्के कमी करा असं सांगितलं. ते माझ्या सासूबाईंच्या लक्षात राहिलं, कारण ते मोजता येतं. महिन्याला तीन लिटर लागत असेल तर अडीच-पावणेतीनवर या. "तळलेलं टाळा" हे त्या तीस वर्षं ऐकतायत, त्याने काही झालं नव्हतं.

सोशल मीडियाचं जरा गुंतागुंतीचं आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटाच्या डब्यावरची साखर वाचून दाखवणारा छोटा व्हिडिओ टाकला. हे काही फास्ट फूड नाही, पण माध्यमाची ताकद समजायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. कंपनीची कायदेशीर नोटीस आल्यावर त्याने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो घराघरात गेला होता. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे खुलासा मागितला आणि वर्ष संपायच्या आत त्या डब्यातली वरून घातलेली साखर सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाली. एका माणसाने केलं तरी काय? डबा उलटा केला आणि मागचं बारीक अक्षर मोठ्याने वाचलं. सगळं आधीपासून छापलेलंच होतं.

त्याच फोनवर कुरकुऱ्यात प्लास्टिक असतं हा व्हिडिओही फिरतो. काडी लावली की जळतं, म्हणून प्लास्टिक! २०१८ मध्ये कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि तशा पोस्ट काढायला लावल्या, तरी दर वर्षी एखादा पालक मला तो पाठवतो. मी वर्गात पापड जाळून दाखवते. पिठूळ पदार्थात तेल असलं की तो जळणारच. मग मुलं पटकन म्हणतात, "म्हणजे कुरकुरे चांगले?" पुन्हा तेच, मॅगीसारखं. खोटा आरोप खोडला की खरा आरोपही पुसला जातो. म्हणून पापड जाळल्यावर त्याच तासाला पुड्यावरचं मीठ आणि तेल मोजल्याशिवाय मी वर्ग सोडत नाही.

आता पुड्याकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठं माध्यम तेच आहे आणि आपण त्याला माध्यम म्हणतच नाही. पोषणाचा तक्ता मागे, शिवणीच्या घडीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरात असतो. कायद्याने तो इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरतो. मराठीत छापायची सक्ती नाही, आणि मी पाहिलेल्या बहुतेक पुड्यांवर तो इंग्रजीतच असतो. आमच्या गावातली आई मराठी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचते, पण लेकराच्या हातातल्या पुड्यावर 'सोडियम' शोधू शकत नाही. शोधला तरी सोडियम म्हणजे मीठ नव्हे, त्याला अडीचने गुणावं लागतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. हे कोण करणार दुकानात उभं राहून?

चिली देशाने २०१६ मध्ये यावर सरळ उपाय केला. साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी ठरावीक मर्यादेच्या वर गेल्या की पुड्याच्या दर्शनी बाजूला काळा अष्टकोन आणि त्यात दोन-तीन शब्द, "साखर जास्त" अशा अर्थाचे. सोबत लहान मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळेतल्या विक्रीवर बंधनं. असा शिक्का बसलेल्या पेयांची खरेदी जवळपास २४ टक्क्यांनी घटली. आपल्याकडे २०२२ मध्ये पुड्यावर एकूण पोषणाप्रमाणे कमी-जास्त तारे छापायच्या नियमाचा मसुदा आला. मला तो पटलेला नाही. चांगलं-वाईट एकत्र करून तारे दिले की साखरेने भरलेल्या बिस्किटाला थोडा तंतुमय भाग घालून एखादा तारा जास्त मिळवता येतो, आणि तारा पाहिला की मूल त्याला बक्षीसच समजतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी इशाऱ्याबद्दल तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं होतं. हे लिहिताना माझ्या टेबलावर जो पुडा पडलाय त्याच्या पुढच्या बाजूला मात्र अजून एक हसणारा टोमॅटो आहे.

पुड्याची वाट बघण्यापेक्षा आम्ही भिंत वापरली. २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. आमची शाळा राज्य मंडळाची, पण कल्पना आवडली. सातवीच्या मुलांनी एक आठवडा रस्त्यावरचे रिकामे पुडे आणि बाटल्या गोळा करून धुऊन आणल्या. गार पेयाच्या २५० मिलीच्या बाटलीत शंभर मिलीला साडेदहा ग्रॅमच्या हिशोबाने २६ ग्रॅम साखर, म्हणजे साडेसहा चमचे. एका मुलीने ते चमचे एकेक करून काचेच्या ग्लासात टाकले. चौथ्या चमच्याला वर्ग शांत झाला. दिवसभरातली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम असं मोठ्या माणसांना सांगितलं जातं, हे मी नंतर फळ्यावर लिहिलं, पण काम त्या ग्लासाने केलं होतं. तो ग्लास आता पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी, फलकाखाली ठेवलेला असतो.

त्या तासाला एक मुलगा गप्प होता. सुट्टीत जवळ येऊन म्हणाला, "बाई, माझ्या बाबांचा वडापाव पण यात लिहायचा का?" त्याच्या वडिलांचा स्टँडवर गाडा आहे आणि घर त्यावर चालतं. मला काय बोलावं सुचेना. फास्ट फूडविरुद्धच्या कुठल्याच मोहिमेत या मुलाचा विचार केलेला मी पाहिला नाही, आणि तुमच्या प्रकल्पात त्याला जागा द्या अशी माझी विनंती आहे. मी त्याला सांगितलं की वडापाव लिहायचा नाही, तेल लिहायचं. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल बिघडतं. त्यातल्या बिघडलेल्या घटकांची मर्यादा २५ टक्के अशी २०१८ पासून ठरलेली आहे. गाड्यावर ती मोजायला यंत्र नसतं, पण तेल काळपट झालं, फेस धरायला लागलं, लवकर धुरायला लागलं की डोळ्यांनी कळतं.

दोन दिवसांनी वडील स्वतः शाळेत आले. मला वाटलं भांडायला आले. ते म्हणाले, "रोज तेल टाकून द्यायला परवडत नाही बाई, डब्याचा भाव बघा." खरंच आहे. मग आम्ही बोलत बसलो. त्यांनी कढई लहान केली, म्हणजे दिवसअखेर उरतंच थोडं, आणि जुन्यात नवं ओतायचं बंद केलं. पेपरची रद्दी जाऊन पानाचे द्रोण आले.

प्रकल्पासाठी एक सोपं काम सुचवते. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवायचा आदेश काढला, आणि २०२० च्या केंद्रीय नियमाने शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत असं खाणं विकायला मनाई केली. या दोन्हींच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. तुमच्या जवळच्या शाळेत जाऊन ते अंतर प्रत्यक्ष मोजा. आम्ही लांब उडीची मोजपट्टी घेऊन मोजलं. पन्नास मीटरच्या आत दोन दुकानं आली, दोन्हींच्या दाराला माळांसारखे पुडे टांगलेले. पहिल्या दुकानदाराने आम्हाला हटकलं. दुसऱ्या दुकानातल्या आजींनी नियम नीट विचारून घेतला, कारण आजवर त्यांना तो कोणी सांगितलाच नव्हता. पुढच्या सोमवारी त्यांच्या दारातल्या दोन माळा खाली उतरल्या होत्या आणि त्या जागी शेंगदाण्याच्या चिक्कीची बरणी होती.