फॉर्ममधला तो रकाना

"केस झाली होती, आता चांगली नोकरी विसरायचीच का?" डिग्री हातात आली की हा प्रश्न घेऊन मुलं माझ्याकडे येतात. बरेचदा सोबत आई असते आणि बोलते तीच.

असाच एक इंजिनिअर. विसाव्या वर्षी होस्टेलबाहेर मारामारी, भादंवि कलम ३२३, म्हणजे मुद्दाम दुखापत करणं. शिवाजीनगर कोर्टाने दोषी ठरवलं, पण अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडलं. हिंजवडीतल्या मुलाखती तो पार करायचा. पुढे काहीच व्हायचं नाही.

"नकार कोणी दिला?"

"तसा कोणी नाही, मॅडम. व्हेरिफिकेशनचा फॉर्म आला की मीच उत्तर देत नाही."

बराच वेळ तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे कंपन्यांना अजून काही माहीतच नाही."

माणसाला घटनेपेक्षा तिचा त्याने लावलेला अर्थ जास्त अडवतो, असं मी ठामपणे मानते. कोर्टाने न दिलेली शिक्षा हा मुलगा स्वतःला देत होता. हे त्याचं त्यालाच दिसलं, याचं मला फार समाधान आहे.

मग फॉर्म मोठ्याने वाचायला लावला. अटक झाली होती का, खटला चालू आहे का, दोषी ठरलात का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. विचारलं तेवढ्याचंच, पण खरं उत्तर द्यायचं. निर्दोष सुटलेल्याने तिसऱ्याला 'नाही' लिहावं. या मुलाचं उत्तर मात्र 'हो'. परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला जोडलेली अपात्रता लागत नाही, पण दोषसिद्धी पुसली जात नाही.

"केस संपली, 'नाही' लिही," असं मित्र सांगतात. त्यांचं ऐकू नका. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर नावाने खटला शोधता येतो, आणि रुजू झाल्यावर तो सापडला तर नोकरी जाते ती खोटं लिहिल्यामुळे. सरकारी नोकरीत माहिती लपवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सविस्तर निकाल दिला आहे. खरं सांगितलं तरी निवड करायचीच असं बंधन नाही, पण गुन्हा किरकोळ असेल तर तो लपवल्याकडेही काणाडोळा करता येतो, असं त्यात म्हटलं आहे.

सांगायचं कधी? निवड कळल्यावर, फॉर्म भरण्याआधी, एचआरला. चार वाक्यांत: काय घडलं, कधी, कोर्टाने काय केलं, त्यानंतर काय केलं. पहिला हात कोणी उचलला, हे नको. तिथेच मुलं घसरतात. सोबत निकालपत्राची प्रमाणित नक्कल. खटल्याचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) घेऊन कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज केला की ती मिळते.

एका कंपनीने नंतर कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही. दुसरीने नक्कल मागवली, बंधपत्राची मुदत संपल्याची खात्री केली आणि त्याला रुजू करून घेतलं.