राहते घर पाहायला जाताना ग्राहकाने आणि एजंटाने पाळायच्या मर्यादा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दोघे पहिल्यांदाच घर विकत घेत आहात. एजंटाबरोबर एक राहते घर पाहायला गेलात, तिथे शयनगृहातले कपाट उघडून पाहिले आणि मालकीणबाई स्पष्टपणे नाराज झाल्या. एजंट मात्र ‘घर विकायला काढलंय, तुम्ही बिनधास्त बघा’ असे म्हणत राहिला. यात चूक कोणाची, आणि पुढच्या घरी नेमके कसे वागावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. घर विकणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या, अशा दोन्ही बाजूंनी मी या व्यवसायात काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते चूक मुख्यतः एजंटाची आहे. आपण नवखे आहात; कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे दाराबाहेरच सांगणे त्याचे काम होते. मालकाने विक्रीला काढलेली असते ती वास्तू. त्या वास्तूत चाललेला संसार विक्रीला नसतो. भिंती, छत, फरशी, नळ, वीजजोडणी, दारे-खिडक्या हे सगळे बारकाईने तपासण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि तो संकोच न करता वापरावा. कपडे, कागदपत्रे, औषधे, देवघर, मुलांच्या वह्या यांच्याशी मात्र आपला काहीही संबंध नाही. ही एक रेषा मनात पक्की असली की बहुतेक प्रश्नांची उत्तरे जागच्या जागी मिळतात.

कपाटाचेच पाहू. भिंतीत बसवलेले कपाट घराबरोबर आपल्याकडे येणार असते, त्यामुळे त्याची खोली, आतली ओल, फळ्यांची अवस्था पाहणे रास्त आहे. फक्त उघडण्यापूर्वी ‘हे उघडून पाहिले तर चालेल का?’ असे विचारावे आणि आतल्या वस्तूंना हात न लावता बंद करावे. सुटे कपाट मालक बरोबर नेणार आहेत, म्हणून ते उघडण्याचे कारणच नाही. खण, फ्रीज, न्हाणीघरातली औषधांची फळी, टेबलावरचे कागद यांनाही हेच लागू पडते. स्वयंपाकघरात मात्र एक जागा आवर्जून विचारून पाहावी, ती म्हणजे भांडी धुण्याच्या सिंकखालचा कप्पा. गळती असेल तर तिथली फळी फुगलेली दिसते, कडेचा थर सुटलेला असतो, पाइपच्या सांध्यांवर पांढरट डाग असतात. वरवर चकचकीत दिसणाऱ्या स्वयंपाकघराची खरी हकीकत बरेचदा त्या कप्प्यात कळते, आणि तो उघडू द्यावा अशी विनंती कोणताही समंजस मालक नाकारत नाही.

तपासणीची रीतही महत्त्वाची आहे. नळ सोडून पाण्याचा दाब पाहावा, पाणी किती लवकर वाहून जाते तेही पाहावे, पण दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ तो वाहता ठेवू नये. खिडकी उघडून पाहावी आणि होती तशी लावावी. दिवे लावले असतील तर निघताना मूळ स्थितीत आणावेत. दार बंद असलेली खोली पुन्हा बंद करावी, कारण आत झोपलेले मूल किंवा कोंडून ठेवलेला कुत्रा असू शकतो. विजेच्या मुख्य फलकाकडे नुसते पाहायला हरकत नाही, पण त्यावरची कळ स्वतःहून दाबू नये. विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर चाचणीसाठी एक छोटे बटण असते. ते दाबले की त्याच्या अखत्यारीतला वीजपुरवठा तत्क्षणी बंद पडतो. घरात कोणी संगणकावर काम करत असेल किंवा एखादे वैद्यकीय उपकरण चालू असेल तर काय होईल, याचा विचार करा. अशी चाचणी नंतर, व्यवहार पुढे सरकल्यावर, जाणकार तंत्रज्ञाकडून मालकाच्या संमतीने करून घ्यावी.

बंद घराची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे संसार नसला तरी मालकी दुसऱ्याचीच असते, म्हणून एजंटाशिवाय आत जाऊ नये. पाणी आणि वीज बंद असण्याची शक्यता धरून दिवसाउजेडी जावे आणि शौचालय वापरू नये, कारण ते साफ करायला पाणीच नसू शकते. बरेच दिवस बंद असलेल्या घरात न्हाणीघरातून सांडपाण्याचा वास आला तर लगेच मोठा दोष आहे असे समजू नये. जाळीखालच्या वळणात साचून राहणारे पाणी वाळून गेले की गटारातला वायू वर येतो. तिथे पाणी ओतल्यावर वास थांबला तर प्रश्न तेवढाच होता. पाणी ओतूनही वास राहिला, तर मात्र त्याची नोंद करावी.

वेळेबद्दल मी आग्रही आहे. राहते घर दाखवायचे म्हणजे त्या कुटुंबाला आवराआवर करावी लागते, मुलांना बाहेर पाठवावे लागते, जेवणाची वेळ पुढे-मागे करावी लागते. ठरलेल्या वेळेपेक्षा 10 मिनिटे उशीर होणार असेल तरी कळवावे; येणे रद्द करायचे असेल तर निर्णय होताक्षणी कळवावे. फार लवकर पोहोचणेही गैरसोयीचेच असते. लवकर आलात तर बाहेर थांबून परिसर पाहावा. पहिल्या भेटीला निर्णय घेणारेच जावेत, आई-वडील आणि मित्रमंडळी दुसऱ्या भेटीला आली तर अधिक बरे. लहान मुले बरोबर असतील तर एकाने त्यांच्याकडे आणि दुसऱ्याने घराकडे लक्ष द्यावे. पादत्राणांबद्दल दारातच विचारावे. सर्दी-तापाची लक्षणे असतील तर भेट पुढे ढकलावी.

छायाचित्रांच्या बाबतीत आधी परवानगी घ्यावी, आणि ती एजंटाची नव्हे तर मालकाची असावी. परवानगी मिळाली तरी ओलीचा डाग, खिडकीची चौकट, खोलीची मांडणी एवढेच टिपावे; भिंतीवरची कौटुंबिक छायाचित्रे, घरातली माणसे, मौल्यवान वस्तू, दाराच्या कुलपांची रचना चित्रात येऊ देऊ नये. मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद चालू असेल तर प्रत्येक छायाचित्रात त्या जागेचे अक्षांश-रेखांश साठवले जातात. असे मूळ छायाचित्र दहा जणांना पाठवणे म्हणजे कोणाच्या तरी घराचा पत्ता आणि आतला नकाशा एकत्र वाटणे होय. ठिकाणाची नोंद बंद करूनच चित्रे काढावीत आणि घर घ्यायचे नाही असे ठरले की ती पुसून टाकावीत.

आता बोलण्याविषयी, कारण सर्वाधिक नुकसान तिथेच होते. घरात असताना किमतीची चर्चा आपापसांत करू नये. कितीपर्यंत जाता येईल, घर किती आवडले, कर्ज मंजूर झाले की नाही, हे विषय जिन्यात किंवा लिफ्टमध्येही काढू नयेत. पुष्कळ घरांत आणि दारांवर आता कॅमेरे असतात आणि त्यांतील बरेचसे आवाजही टिपतात. अशा ध्वनिमुद्रणाचे कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत, परंतु आपले बोलणे ऐकले जात असेल असे धरून चालणेच शहाणपणाचे आहे. टीकेबाबतही तेच. ‘हा रंग किती भयंकर आहे’ हे वाक्य मालकाच्या कानावर गेले की पुढच्या वाटाघाटीत त्याची किंमत मोजावी लागते. किंमत मोजावी लागली नसती तरीही ते बोलू नये, असे माझे मत आहे. त्या भिंतींत कोणाची तरी वीस-तीस वर्षे गेलेली असतात. दोष दिसला तर तो वहीत लिहावा आणि बाहेर आल्यावर एजंटाशी बोलावे.

मालक समोर असतील तर त्यांच्याशी अवश्य बोलावे, मात्र घराबद्दल. पावसाळ्यात कोणती भिंत ओल धरते, पाणी कोणत्या वेळी येते, शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली, रात्री रस्त्याचा आवाज किती येतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते आणि सरळ विचारले तर बहुतेक जण सरळ सांगतात. घर का विकताय, हा प्रश्न एकदा विचारायला हरकत नाही. मिळेल ते उत्तर स्वीकारावे आणि खोदून विचारू नये. त्यामागे मृत्यू, घटस्फोट, आजारपण काहीही असू शकते. एजंटाला वगळून मालकाचा फोन नंबर मागणे किंवा नंतर परस्पर घरी जाणे हेही टाळावे. एजंटाच्या कामावर आपण समाधानी नसाल तर ते त्याला तोंडावर सांगून व्यवहार मोकळा करावा.

एजंटाच्या जबाबदारीबद्दल मला अधिक कडकपणे लिहायचे आहे, कारण दोन्ही बाजूंचा विश्वास त्याच्या हाती असतो. आपण कोणाचे काम पाहतो, मालकाचे, ग्राहकाचे की दोघांचे, आणि आपला मोबदला कोण देणार, हे त्याने पहिले घर दाखवण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले पाहिजे. अमेरिकेत रिअल्टरांच्या, म्हणजे घरांचे व्यवहार जुळवणाऱ्या एजंटांच्या, राष्ट्रीय संघटनेने न्यायालयीन तडजोडीत मान्य केल्याप्रमाणे 17 ऑगस्ट 2024 पासून घरांच्या सामायिक यादीत सहभागी असलेल्या एजंटाला घर दाखवण्याआधीच ग्राहकाशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात मोबदला नमूद करावा लागतो. जिथे असा नियम नाही, तिथेही ग्राहकाने हे आधी विचारून घ्यावे. टाळाटाळ करणाऱ्या एजंटाबरोबर पुढे जाऊ नये.

घर रिकामे आहे अशी खात्री असली तरी एजंटाने घंटी वाजवावी, थोडे थांबावे, दार उघडल्यावर आवाज द्यावा आणि मगच ग्राहकांना आत घ्यावे. आत सर्वांनी एकत्र राहावे. एक जण गच्चीत आणि दुसरा शयनगृहात अशी पांगापांग त्याने होऊ देऊ नये, कारण काही हरवले तर निर्दोष ग्राहकावरही संशय येतो. किल्ली किंवा किल्लीच्या पेटीचा सांकेतिक क्रमांक ग्राहकाच्या हाती देणे, ‘तुम्ही बघून या, मी खाली थांबतो’ असे म्हणणे, हा मालकाचा विश्वासघात आहे. निघताना खिडक्या, गॅस, नळ, दिवे आणि कुलूप त्याने स्वतः तपासावे, आणि काही तुटले-फुटले असेल तर मालकाला त्याच दिवशी स्वतःहून कळवावे.

बोलण्यातही त्याच्यावर बंधने आहेत. ‘त्यांना पैशांची नड आहे, अजून खाली येतील’ असे मालकाचा एजंट ग्राहकाच्या कानात सांगत असेल, तर उद्या आपली नडही तो दुसऱ्याला सांगेल हे ओळखावे. ‘दुसरे ग्राहक संध्याकाळी इसार देणार आहेत’ ही घाई खरी असेल तरच बोलून दाखवावी. खोटी असेल तर ती सरळ फसवणूक आहे. ठाऊक असलेला दोष झाकणेही तसेच. प्रत्येक खोलीत ‘ही झोपण्याची खोली, किती प्रशस्त आहे पाहा’ असे वर्णन करत राहण्यापेक्षा त्याने थोडे मागे राहावे आणि ग्राहकाला शांतपणे पाहू द्यावे. आपल्या प्रसंगात मालकीणबाईंची नाराजी दिसताच ‘माफ करा, आम्ही आधी विचारायला हवे होते’ एवढे त्याने म्हटले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती.

मालकांसाठी तीनच सूचना. दागिने, रोकड, बँकेची कागदपत्रे आणि विशेषतः औषधे घर दाखवायच्या दिवशी कुलपात ठेवावीत. ग्राहकाच्या मागोमाग प्रत्येक खोलीत फिरू नये. शक्य असल्यास बाहेर जावे, नाहीतर एका जागी बसून प्रश्नांची उत्तरे द्यावीत. कुत्रा कितीही गरीब असला तरी तो त्या वेळेपुरता दुसरीकडे असावा.

भाडेकरू राहत असलेल्या घरात सर्वांनी अधिक जपून वागावे. घर विकल्याचा फायदा त्यांना नसतो, उलट आपले बस्तान हलणार ही काळजी असते, आणि तरीही अनोळखी माणसांना वारंवार दार उघडावे लागते ते त्यांनाच. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेचे कलम 1954 अशा भेटीसाठी साधारणतः 24 तास आधीची सूचना वाजवी मानते आणि भाडेकरूची संमती नसेल तर ती कामकाजाच्या नेहमीच्या वेळेतच व्हावी असे सांगते. आपल्याला लागू असलेला कायदा काहीही असो, एक दिवस आधी कळवणे आणि आठवड्यातल्या भेटी एक-दोन ठरावीक वेळांत बसवणे एजंटाला सहज जमण्यासारखे असते. भाडेकरूला भाडे किती, घर कधी सोडणार, असे प्रश्न ग्राहकाने विचारू नयेत. ते मालकाकडून समजून घ्यावेत.

घर पाहून झाल्यावर उत्तर द्यावे, आणि नकार असेल तर तोही त्याच दिवशी एजंटामार्फत कळवावा. स्वयंपाकघरात उजेड कमी वाटला, किंमत आमच्या अंदाजाबाहेर आहे, असे खरे आणि मोजके कारण दिले तर मालकाला त्याचा उपयोग होतो. घर आवडले असेल तर दुसरी भेट मागावी, आणि ती पहिल्या भेटीपेक्षा वेगळ्या वेळी मागावी. सकाळी पाहिले असेल तर संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी पाहिले असेल तर कामाच्या दिवशी. मोजपट्टी, जाणकार नातेवाईक, इमारतीची तपासणी करणारा तज्ज्ञ यांना त्या भेटीत न्यावे, कोण कोण येणार आणि किती वेळ लागेल हे आधी सांगावे. आपण पाहिलेले ते घर अजूनही मनात असेल, तर दुसरी भेट जरूर मागा. जाताना मालकीणबाईंना कपाटाबद्दल दोन शब्द बोला, आणि या वेळी एजंटाला दाराबाहेरच विचारा की आत काय काय उघडून पाहता येईल.