डिलाईल रोडची आमची चाळ पाडली. त्या गल्लीचा आणि तिथल्या कुटुंबांचा इतिहास कुठे शोधू?

तुम्ही लिहिलंय की आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, चाळ आता राहिली नाही आणि कुठल्या खोलीत कोण राहायचं हे कागदावर आणायचंय. मी परळच्या आमच्या गल्लीसाठी गेली आठ वर्षं हेच करते आहे, म्हणून मनापासून सांगते: सुरुवात मुंबईत करू नका, गावाला जा.

मी पहिली दोन वर्षं मुंबईतच घालवली. आजोबांच्या गिरणीचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, मिळेल या आशेने खेपा मारल्या आणि शेवटी कळलं की ते केव्हाच रद्दीत गेलं. खूप वाईट वाटलं. त्याच वर्षी शिमग्याला संगमेश्वरकडच्या आमच्या गावी गेले होते. देवळाच्या भिंतीत जीर्णोद्धाराची फरशी आहे, लहानपणापासून बघितलेली. त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. वर्ष 1958, खाली 'मुंबईकर मंडळी', मग तेवीस नावं आणि पुढे रकमा, कुणाचे अकरा, कुणाचे एक्कावन्न. त्यातली निम्मी माणसं आमच्याच चाळीत, एकाच मजल्यावर राहत होती!

यात नवल नाही. गिरणीत कामाला लावायचा तो जॉबर, आणि तो आणायचा आपल्या गावची, आपल्या भावकीची माणसं. ती उतरायची गावकीच्या, म्हणजे गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोलीत. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाल्याची वळकटी पसरायची. त्यामुळे चाळीचा मजला म्हणजे पुष्कळदा गावातली एक वाडीच असते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, जिथलं तुमचं मूळ असेल तिथे एक नाव सापडलं की शेजारच्या चार खोल्या आपोआप उलगडतात. गावात 7/12 आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, हेही बघा. आजोबा-पणजोबांच्या पश्चात वारस लागले तेव्हा भावंडांची नावं तिथे चढलेली असतात. घाटावरच्या असाल आणि घरचं कुणी त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला विधीला गेलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावाच्या नावाखाली वंशावळ मिळू शकते.

मग घरातली ट्रंक उघडा. भाडेपावती फेकू नका, खोली क्रमांक तिच्यावरच असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मगाव असतं. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा 1952 चा, त्यानंतरच्या फॉर्मवर वारस म्हणून बायकोमुलांची नावं लिहिलेली असतात. पत्रं पत्त्यासाठी वाचा. नुसतं 'मुंबई 13' असेल तर ते बहुधा 1972 च्या आधीचं, कारण सहा आकडी पिनकोड त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला आला आणि त्याच 13 चं 400013 झालं. रस्त्यांची नावं मात्र जपून. डिलाईल रोडचा ना. म. जोशी मार्ग झाला, आर्थर रोडचा साने गुरुजी मार्ग, तुळशी पाईप रोडचा सेनापती बापट मार्ग. लोक बोलताना अजून जुनंच नाव घेतात, सरकारी कागद नवं धरतो. दोन्ही नावांनी शोधा.

एवढं हातात आलं की मग कचेऱ्या. जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी तुमचा भाग महापालिकेच्या जी दक्षिण वॉर्डात येतो, परळ-लालबाग एफ दक्षिणमध्ये. जुन्या नोंदींत आडनाव पुष्कळदा नसतं, फक्त स्वतःचं आणि बापाचं नाव, म्हणून तारीख आणि पत्ता धरून चला. तुमची चाळ बीडीडीची, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेली, असेल तर ती 1920 च्या दशकातली. तो कारभार सरकारी होता, तेव्हा फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेख विभागात जा. शहराचं तीन खंडांचं गॅझेटिअर (1909-10) आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय हेही सोडू नका. गणेशोत्सव मंडळांच्या जुन्या स्मरणिका मला कुठल्याही सरकारी कागदाइतक्या उपयोगी पडल्या. वर्गणीदारांच्या यादीत खोलीनिशी नावं होती.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट. या सगळ्या कागदांत बाया फार कमी सापडतात. गिरणीत वायंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, होत्या त्यांची तरी नोंद असते, पण घरात खानावळ चालवून दहा-पंधरा माणसांना जेवू घालणारीची कुठे असणार? प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. तेव्हा प्रत्येक मजल्यावर विचारा, खानावळ कुणाची होती?

आमच्या मजल्यावरच्या मावशींची वही त्यांच्या सुनेने जपून ठेवली होती. शंभर पानी, तेलाचे डाग पडलेली. डावीकडे चौदा नावं, पुढे तारखांची घरं, खाडा असेल तिथे फुली. 1982 चं जानेवारीचं पान मी कितीतरी वेळ बघत बसले. 18 तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर काही दिवस एकही फुली नाही, सगळे दोन्ही वेळ जेवायला हजर. फेब्रुवारीत एका नावावर रेघ आणि पुढे 'गावी'. मग दुसऱ्यावर. मे महिन्यात चारच नावं उरली होती आणि त्यांच्यासमोरची बाकी पुढच्या पानावर गेली होती. मावशी उधारीवर जेवू घालत राहिल्या. संपावर मी बरंच वाचलंय, पण आमच्या मजल्यावर तो कसा आला हे मला त्या वहीने सांगितलं.

अशी वही मिळाली तर घरच्यांना विचारूनच फोटो काढा. हयात माणसांची नावं, जात, उधारी यातलं काहीही त्यांच्या परवानगीशिवाय इंटरनेटवर टाकू नका. लोक विश्वासाने ट्रंक उघडतात.

आणि गणपतीला गावी जाणार असाल तर देवळाची फरशी सकाळी तिरपं ऊन असताना बघा. रंग उडाला असेल तर थोडं पाणी शिंपडा, अक्षरं उठून दिसतात. खडूने गिरवू नका, दगड खराब होतो.