बुरशी सगळ्यांच्याच अंगात असते तर इन्फेक्शन काहींनाच का होतं, आणि त्यावर रिसर्च करणारे दिवसभर नक्की काय करतात? आणि दम्याच्या पंपाने घशात चट्टे का येतात?

मी कॅन्डिडावर काम करते, तोंडात पांढरे चट्टे आणणारी बुरशी ती, त्यामुळे उत्तर थोडं तिच्याच बाजूला झुकणार हे आधीच सांगते.

तुम्हाला बाकीच्यांनी खाली "इम्युनिटी कमी असली की होतं" असं लिहिलंय. चूक नाही, पण मला हे वाक्य जाम खटकतं कारण विचारायला हवं की कुठली इम्युनिटी? केमोथेरपीत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी घसरतात तेव्हा भीती असते ॲस्परजिलस नावाची दुसरी एक बुरशी फुप्फुसात घुसायची किंवा कॅन्डिडा रक्तात उतरायची. एचआयव्हीत टी पेशी नावाच्या वेगळ्या पांढऱ्या पेशी जातात, तिथे तोंडात कॅन्डिडा होते, मेंदूच्या आवरणाला क्रिप्टोकॉकस नावाची तिसरी बुरशी धरते, पण रक्तात कॅन्डिडा सहसा जात नाही. आणि काही लोकांच्यात जन्मापासूनच आयएल-१७ या सिग्नलच्या वाटेत बिघाड असतो, त्यांना तोंड, नखं, त्वचा इथे आयुष्यभर कॅन्डिडा छळते आणि तरी ती रक्तात सहसा शिरत नाही. याउलट कार्ड-९ नावाचं एक जीन बिघडलं की तीच कॅन्डिडा मेंदूपर्यंत पोचू शकते. बुरशी एकच, कुठला पहारेकरी गैरहजर आहे त्यावर ती कुठे घुसणार ते ठरतं. आमच्या फील्डचं निम्मं काम हेच शोधण्यात जातं.

आता शरीराला कळतं कसं? बुरशीच्या भिंतीत बीटा ग्लुकान नावाची साखरेची साखळी असते जी आपल्या पेशींत नसते, आणि आपल्या पांढऱ्या पेशींवर ती पकडणारा डेक्टिन-१ नावाचा रिसेप्टर असतो, हे २००१ मध्ये कळलं. पण बुरशीही काही भोळी नाही. कॅन्डिडा त्या ग्लुकानवर मॅनन नावाच्या दुसऱ्या साखरेचा थर चढवून बसते, आणि ॲस्परजिलसच्या बीजाणूंवर एका प्रोटीनचं असं आवरण असतं की आपण रोज शेकड्यांनी ते श्वासातून आत घेतो तरी फुप्फुसं गप्प राहतात. खरंतर हे दोघांच्याही फायद्याचं आहे, प्रत्येक बीजाणूवर शरीर खवळलं असतं तर आपल्याला श्वास घेणं मुश्कील झालं असतं.

माझा आवडता भाग मात्र कॅन्डिडाचं रूप बदलणं. गोल यीस्ट असते तोवर ती बऱ्याच निरोगी लोकांच्या तोंडात, आतड्यात निवांत पडून असते. लॅबमध्ये तिला सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या पातळ भागात, टाकून ३७ डिग्रीला ठेवलं की दोन-तीन तासांत गोल पेशीला कोंब फुटतो आणि मग त्याचे लांब तंतू होतात, हे मायक्रोस्कोपखाली बघायला मला अजून कंटाळा येत नाही. हे तंतू कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडतात, २०१६ मध्ये सापडलं ते, अवघ्या ३१ अमिनो ॲसिडचं, आणि ते आपल्या पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. गंमत म्हणजे त्याच विषाने शरीर जागं होतं, तोंडाच्या अस्तराच्या पेशी इजा झाली की सिग्नल सोडतात आणि न्यूट्रोफिल धावत येतात. तंतू गिळता येण्याएवढा छोटा नसेल तर न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याचं जाळं टाकतात, हो खरंच, स्वतःचा डीएनए.

रोजचं काम विचाराल तर बरंच कंटाळवाणं आहे. व्हॉलंटियरच्या रक्तातून न्यूट्रोफिल काढायचे, ते बाहेर फार तास टिकत नाहीत म्हणून सकाळी सुरू केलेलं त्याच दिवशी संपवावंच लागतं, जेवण गेलं तर गेलं, मग ते बुरशीबरोबर ठेवायचे, प्लेटवर पसरायचे आणि दुसऱ्या दिवशी किती वसाहती उगवल्या त्या मोजायच्या म्हणजे किती बुरशी जिवंत राहिली ते कळतं. उंदीरही वापरतात, पण लॅबच्या उंदरांच्या अंगात कॅन्डिडा अल्बिकन्स मुळात नसतेच, त्यामुळे उंदराचं शरीर तिला पहिल्यांदा भेटतं आणि आपलं लहानपणापासून ओळखतं, हा फरक लक्षात न घेता काढलेल्या निष्कर्षांवर माझा फारसा विश्वास नाही. आणि माश्यांना हसू नका बरं का, १९९६ मध्ये टोल नावाचं जीन बिघडलेल्या फळमाश्या ॲस्परजिलसने मरतात हे दिसलं आणि त्या कामामुळे जन्मजात प्रतिकारशक्तीचा अख्खा विषय बदलला, २०११ चं नोबेल त्यातल्या झ्यूल हॉफमन यांना मिळालं.

एक गोष्ट लोकांना पटत नाही ती म्हणजे पुष्कळदा त्रास बुरशीपेक्षा शरीराच्या उत्तराने होतो. योनीमार्गाच्या कॅन्डिडात आग आणि सूज ही तिथे जमलेल्या न्यूट्रोफिलमुळे असते, आणि ते बिचारे तिथे बुरशी मारतही नाहीत नीट. क्रिप्टोकॉकसच्या मेनिन्जायटिसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या इन्फेक्शनमध्ये, तर एचआयव्हीची औषधं मुद्दाम ४ ते ६ आठवडे उशिरा सुरू करतात, कारण इम्युनिटी एकदम परत आली की मेंदूत सूज येऊन पेशंट दगावू शकतो. म्हणून "इम्युनिटी वाढवा" हा सल्लाही मला अर्धवट वाटतो.

औषधांबद्दल थोडक्यात, बुरशीच्या पेशी आपल्या पेशींशी बॅक्टेरियापेक्षा खूपच मिळत्याजुळत्या असतात म्हणून तिला मारून आपल्याला वाचवणारं औषध शोधणं अवघड, शरीरात खोल गेलेल्या इन्फेक्शनसाठी मुख्य गट तीनच आणि माणसांसाठी लस अजून एकही बाजारात नाही.

तुम्ही शेवटी दम्याच्या पंपाचं विचारलंय. स्टिरॉइडवाल्या पंपाने घशात तेवढ्यापुरता पहारा ढिला पडतो म्हणून चट्टे येतात, पंप बंद करू नका, घेतल्यावर चूळ भरून थुंका. आणि पंप वगैरे काही नसताना मोठ्या माणसाला हे परत परत होत असेल तर डॉक्टरांना सांगून शुगर आणि एचआयव्ही दोन्ही तपासून घ्या, नुसतं बुरशीवरचं जेल लावत बसू नका.